निर्णय घेणारे विश्वासार्ह स्रोत निवडतात, की हाताशी असलेला?

पारखी

ज्याच्या हाती निर्णय असतो त्याच्यापुढे माहितीचे स्रोत सहसा एकाहून अधिक असतात, आणि त्यांतला कोणता जास्त भरवशाचा आहे हे त्याला बहुतेक वेळा ठाऊकही असते. मग तो त्याच स्रोताकडे जातो का? संशोधनातून मिळालेले उत्तर ‘पुष्कळदा नाही’ असे आहे. मला ते फार गंभीर वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

तांत्रिक अडचण आली की संशोधन विभागातले अभियंते माहितीसाठी कुठे वळतात, याचा अभ्यास गर्स्टबर्गर आणि ॲलन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. स्रोताचा दर्जा निवड ठरवत असेल अशी कोणाचीही अपेक्षा असती. प्रत्यक्षात निवड ठरत होती ती स्रोत किती सहज गाठता येतो यावरून. चार्ल्स ओ’रायली यांनी १९८२ मध्ये कल्याण योजनांचे काम पाहणाऱ्या एका सरकारी संस्थेतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हाही हेच चित्र दिसले. कोणता स्रोत दर्जेदार आहे याची जाण या कर्मचाऱ्यांना होती. तरीही कोणता स्रोत किती वेळा वापरला जाई, हे त्याच्या दर्जापेक्षा तो किती सहज मिळतो यावर अवलंबून होते. म्हणजे जाण असणे आणि त्या जाणिवेप्रमाणे वागणे यांत मोठे अंतर पडते, आणि माझ्या मते सगळा प्रश्न त्या अंतरातच आहे.

उत्पादन विभागातला नेहमीचा प्रसंग घ्या. एका बॅचच्या मालाचा रंग किंचित वेगळा दिसतो आहे आणि ती अडवायची की पुढे जाऊ द्यायची, हे पाळीप्रमुखाला ठरवायचे आहे. प्रयोगशाळेचा अहवाल सर्वांत भरवशाचा, हे तो स्वतःच सांगेल. पण त्यासाठी नमुना काढायचा, अर्ज भरायचा, वरिष्ठांची सही घ्यायची आणि तीन-चार तास थांबायचे. शेजारी उभा असलेला जुना ऑपरेटर मात्र लगेच सांगतो, ‘साहेब, मागेही असंच दिसत होतं, काही झालं नाही.’ बॅच पुढे जाते. येथे पाळीप्रमुखाने दोन स्रोत तोलून पाहिले आणि ऑपरेटरला अधिक विश्वासार्ह ठरवले, असे घडलेलेच नाही. मुळात तुलनाच झाली नाही. प्रश्न पडला त्या क्षणी जो स्रोत हजर होता, त्याने उत्तर दिले आणि प्रश्न मिटला.

याला नुसता आळस म्हणणे अन्यायाचे होईल. जवळचा माणूस आपल्याच भाषेत बोलतो, आपण विचारले तेवढ्याचेच उत्तर देतो आणि त्याला उलट प्रश्न विचारता येतो. अहवालात मात्र आपल्याला हवे असलेले वाक्य शोधून काढावे लागते. शिवाय भरवशाची माहिती मिळवण्याचा त्रास निर्णय घेणाऱ्याला आज आणि स्वतःला सोसावा लागतो, तर चुकीचा फटका पुढे कधीतरी आणि बहुधा दुसऱ्याच कोणाला तरी बसतो. ही रचना तशीच ठेवून ‘माहिती पारखून घ्या’ असा उपदेश करत राहण्याचा काहीही उपयोग नाही, असे माझे ठाम मत आहे. विश्वासार्ह स्रोत प्रश्नाच्या जागी आणून ठेवावा लागतो. माणूस त्याच्यापर्यंत चालत जाईल हे गृहीत धरता येत नाही.

निशिगंध

पारखी, विषय महत्त्वाचा आहे आणि मांडणीही नेमकी आहे, परंतु हाताशी असलेला स्रोत वापरणे म्हणजे दोषच, असा जो सूर त्यातून उमटतो तो मला मान्य नाही. माहितीलाही मोल असते आणि ते मोजण्याची रीत निर्णयशास्त्रात ठरलेली आहे. रोनाल्ड हॉवर्ड यांनी १९६६ मध्ये ती नीटपणे मांडली. ज्या माहितीमुळे निर्णय बदलण्याची शक्यताच नाही तिचे मोल शून्य, मग ती कितीही विश्वासार्ह असो. आणि ज्या माहितीसाठी थांबल्याने होणारे नुकसान तिच्यापासून होणाऱ्या फायद्याहून मोठे आहे, ती न घेणेच शहाणपणाचे.

वैद्यकातले एक उदाहरण देते. अपघातातल्या रुग्णाच्या छातीत हवा कोंडून फुफ्फुस दबले आहे, श्वास थांबत चालला आहे आणि रक्तदाब कोसळतो आहे, अशी लक्षणे एकत्र दिसली तर एक्स-रेची वाट न पाहता ती हवा तातडीने बाहेर काढावी, असेच डॉक्टरांना शिकवले जाते. एक्स-रे हा हाताच्या तपासणीपेक्षा निःसंशय जास्त विश्वासार्ह स्रोत आहे. पण तो हाती येईपर्यंत रुग्ण राहणार नाही. तेथे कमी भरवशाच्या स्रोतावर निर्णय घेणे हीच योग्य निवड ठरते.

पारखी

निशिगंध, आपला मुद्दा रास्त आहे आणि उदाहरण तर फारच समर्पक आहे. मात्र त्या डॉक्टरात आणि माझ्या पाळीप्रमुखात एक फरक आहे, त्याकडे लक्ष वेधतो. एक्स-रेसाठी थांबायचे नाही हा नियम त्या क्षणी सुचलेला नाही. दोन्ही स्रोतांची तुलना आधी, शांतपणे, अनेक रुग्णांच्या अनुभवावरून झालेली आहे आणि डॉक्टर तिचा निष्कर्ष अमलात आणतो आहे. पाळीप्रमुखाच्या बाबतीत अशी तुलना आधीही झालेली नव्हती आणि त्या क्षणीही झाली नाही. कमी विश्वासार्ह स्रोत जाणूनबुजून निवडणे आणि तो आपोआप निवडला जाणे, या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. त्यामुळे दुसरी गोष्ट करणारा माणूस आपण पहिली केली असे सहज सांगू शकतो, आणि बहुधा तसे प्रामाणिकपणे मानतोही.

त्रिज्या

चर्चेत एक हिशोब घालावासा वाटतो, कारण ‘एक विश्वासार्ह स्रोत नसला तर चार साधे स्रोत विचारून घेऊ’ असा तोडगा बैठकांमध्ये नेहमी सुचवला जातो.

समजा, हो किंवा नाही असा प्रश्न आहे आणि एक स्रोत शंभरात ८० वेळा बरोबर असतो, तर दुसऱ्या प्रकारचे स्रोत प्रत्येकी ६० वेळा. दुसऱ्या प्रकारचे तीन स्रोत घेऊन बहुमताने ठरवले तर बरोबर ठरण्याची शक्यता ६४.८ टक्के होते, पाच घेतले तर सुमारे ६८ टक्के. ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचायला असे १७ स्रोत लागतात. आणि हे सारे त्यांची मते एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. सतराही जणांनी एकाच माणसाकडून ऐकलेले असेल, तर सतरा मतांचे मोल एका मताइतकेच, म्हणजे ६० टक्केच राहते. निर्णय घेणाऱ्याला मात्र सतरा आवाज ऐकू आलेले असतात, त्यामुळे त्याचा आत्मविश्वास सतरा जणांना शोभेल एवढा वाढलेला असतो. माझ्या मते अविश्वसनीय स्रोतापेक्षाही हा प्रकार जास्त घातक आहे, कारण अविश्वसनीय स्रोताबद्दल निदान शंका तरी घेतली जाते.

अमेरिकेने इराकवर केलेल्या हल्ल्याच्या आधीचे उदाहरण या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराककडे जैविक अस्त्रे बनवणाऱ्या फिरत्या प्रयोगशाळा असल्याचे सांगितले, आणि त्यासाठी एकाहून अधिक प्रत्यक्षदर्शींचा दाखला दिला. त्या दाव्याचा मुख्य भार ‘कर्व्हबॉल’ या सांकेतिक नावाच्या, जर्मनीत आश्रय घेतलेल्या एकाच इराकी माणसावर होता. त्याची चौकशी जर्मन गुप्तचर करत होते आणि अमेरिकी यंत्रणेपर्यंत त्यांचे अहवालच तेवढे पोहोचत होते. पुष्टी देणाऱ्यांपैकी एका साक्षीदाराची माहिती बनावट असल्याची सूचना अमेरिकेच्याच संरक्षण गुप्तचर संस्थेने २००२ मध्ये काढली होती. भाषण तयार होताना ती कोणी लक्षात घेतली नाही. कर्व्हबॉलने आपण खोटे बोललो हे २०११ मध्ये उघडपणे कबूल केले. बनावट माहितीची ती सूचना यंत्रणेत अस्तित्वात होती, पण जेथे निर्णय होत होता तेथे नव्हती, हे पारखी यांच्या म्हणण्याला धरूनच आहे.

धूळपाटी

आतापर्यंतच्या चर्चेत विश्वासार्हता ही जणू स्रोताच्या कपाळावर लिहिलेली असते असे धरले गेले आहे. खरी अडचण वेगळी आहे. स्रोत विश्वासार्ह आहे की नाही हे आपण ठरवतो ते तो काय सांगतो यावरून, आणि जे पटते तेच सांगणारा स्रोत आपल्याला भरवशाचा वाटतो.

लष्करी गुप्तवार्तेत यावर उपाय म्हणून दोन स्वतंत्र श्रेणी देण्याची पद्धत आहे. ब्रिटिश नौदलातून निघालेली ही पद्धत पुढे नाटोनेही स्वीकारली. स्रोताच्या पूर्वेतिहासाला ए ते एफ यांपैकी एक अक्षर द्यायचे आणि प्रत्यक्ष बातमीला १ ते ६ यांपैकी एक अंक. एरवी चोख असलेल्या स्रोताने एखादी असंभाव्य बातमी आणली तर तिला ए-५ मिळायला हवे, आणि बेभरवशाच्या माणसाने आणलेली पण इतर ठिकाणांहून पक्की झालेली बातमी ई-१ व्हायला हवी. कागदावर ही कल्पना सुंदर आहे. प्रत्यक्षात श्रेणी देणाऱ्यांचा अभ्यास झाला तेव्हा असे आढळले की बहुतेक नोंदी ए-१, बी-२, सी-३ अशा तिरक्या रेषेवरच पडतात. म्हणजे माणसे दोन प्रश्नांची दोन उत्तरे देतच नाहीत, एकाच मताची दोनदा नोंद करतात.

१९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला हे सर्वांना माहीत आहे, तरी एक तपशील सांगतो. १७ जूनला स्टालिन यांच्यापुढे आलेल्या अहवालात जर्मन हवाई दलाच्या मुख्यालयातल्या हेराची बातमी होती की हल्ल्याची सर्व तयारी झाली आहे आणि घाव कधीही पडू शकतो. स्टालिन यांनी त्या कागदावर शिवी लिहून ‘हा स्रोत नव्हे, दिशाभूल करणारा आहे’ अशा अर्थाचा शेरा मारला. पाच दिवसांनी, २२ जूनला, हल्ला झाला. येथे बातमी पटली नाही म्हणून स्रोताची श्रेणी खाली गेली. मात्र न्यायाने बोलायचे तर तो संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. आधीच्या इशाऱ्यांमध्ये दिलेल्या तारखा उलटून गेल्या होत्या आणि जर्मनी मुद्दाम खोट्या बातम्या पेरत होता. अनपेक्षित गोष्ट सांगणाऱ्यावर कमी विश्वास ठेवणे हे संभाव्यतेच्या नियमांप्रमाणे बरोबरच आहे. पण आपली आधीची धारणाच चुकीची असेल तर याच नियमाने आपण एकेक चांगला स्रोत गमावत जातो, आणि शेवटी आपल्याशी सहमत असणारेच उरतात. या चक्रातून बाहेर पडण्याचा मार्ग मला तरी एकच दिसतो. बातमी वाचण्याआधी स्रोताची श्रेणी ठरलेली आणि लिहिलेली असली पाहिजे, आणि ती ठरवणारा माणूस निर्णय घेणारा नसला पाहिजे.

कुतूहल

धूळपाटी यांच्या प्रतिसादाला जोडून एक छोटी भर. श्रेणी लिहून ठेवली तरी ती माहितीला चिकटून राहत नाही. हॉव्हलंड आणि वाइस यांनी १९५१ मध्ये केलेल्या प्रयोगात एकच मजकूर काही वाचकांना विश्वासार्ह स्रोताच्या नावाने आणि काहींना अविश्वसनीय स्रोताच्या नावाने दिला. लगेच तपासले तेव्हा पहिल्या गटाची मते दुसऱ्यापेक्षा बरीच जास्त बदलली होती; चार आठवड्यांनंतर तो फरक जवळपास नाहीसा झाला. मजकूर लक्षात राहिला होता, कोणी सांगितले ते निसटले होते. नंतरच्या एका प्रयोगात लोकांना स्रोताची पुन्हा आठवण करून दिली, तेव्हा फरक परत दिसू लागला. यावरून मला वाटते की माहिती आली तेव्हा कोणी दिली हे नोंदवणे पुरेसे नाही. निर्णयाच्या टिपणीत प्रत्येक विधानाशेजारी स्रोत पुन्हा लिहिलेला असायला हवा, मग टिपणी कितीही बोजड होवो.

सांजवात

मी अभियांत्रिकीतल्या सुरक्षेच्या क्षेत्रात काम करते, म्हणून ‘चॅलेंजर’ या अमेरिकी अंतराळयानाच्या अपघाताविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. येथे स्रोत विश्वासार्ह होता, वेळेवर बोलला होता आणि त्याचे म्हणणे लेखी होते. तरीही ते निर्णयापर्यंत गेले नाही.

२७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी घन इंधनाचे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनी बैठकीत नासाच्या अधिकाऱ्यांपुढे आपले तक्ते मांडले. सांध्यांतली रबरी ओ-रिंग थंडीत कडक होते, तेव्हा ५३ अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाला उड्डाण करू नये, अशी त्यांची शिफारस होती. नासाच्या बाजूने तीव्र आक्षेप आले. कंपनीच्या लोकांनी आपसांत बोलण्यासाठी फोन काही वेळ बंद ठेवला. त्या वेळात व्यवस्थापनाने अभियंत्यांना बाजूला ठेवून शिफारस फिरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमारे २ अंश सेल्सिअस तापमानात उड्डाण झाले आणि सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. चौकशी आयोगाने नोंदवले की उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांना कंपनीची ती पहिली लेखी शिफारस माहीतच नव्हती.

पारखी हाताशी असण्याबद्दल लिहितात तेव्हा ते अंतराबद्दल आणि वेळेबद्दल बोलतात. संस्थेत आणखी एक अंतर असते, ते पायऱ्यांचे. प्रत्येक पायरीवर माहिती थोडी गुळगुळीत होते, ‘असे होऊ शकते’चे ‘चिंतेचे कारण नाही’ होते, आणि सर्वांत वरच्या माणसापुढे जो स्रोत येतो तो अभियंता नसतो, त्याच्या साहेबाचा साहेब असतो. चौकशी आयोगातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीदरम्यान यान गमावण्याची शक्यता किती, असे विचारले तेव्हा प्रत्यक्ष काम करणाऱ्या अभियंत्यांकडून साधारण शंभरात एक असे अंदाज आले, व्यवस्थापनाकडून एक लाखात एक. एकाच संस्थेतल्या दोन स्रोतांत हजारपटीचा फरक होता, आणि निर्णय दुसऱ्या आकड्याच्या भरवशावर चालले होते. त्या रात्री ज्यांनी नको म्हटले त्यांचा आवाज अंतिम निर्णय घेणाऱ्याच्या कानावर थेट पडेल अशी एक साधी व्यवस्थाही नव्हती, याची चीड मला आजही येते. गंभीर निर्णयांत वरच्या माणसाने निदान एकदा तरी मधल्या सगळ्यांना ओलांडून मूळ तज्ज्ञाशी स्वतः बोलले पाहिजे, आणि हे त्याच्या स्वभावावर न सोडता नियमात लिहिले पाहिजे.

निशिगंध

सांजवात, प्रतिसाद वाचून सुन्न झाले. तुमची सूचना पूर्णपणे पटली.

पारखी यांना एक प्रश्न आहे. स्रोताचा पूर्वेतिहास नोंदवून ठेवावा, यावर येथे जवळजवळ सर्वांचे एकमत दिसते. पण ज्या स्रोताची नोंद ठेवली जाते त्याच्या चुका डोळ्यांना दिसतात. ज्याची ठेवली जात नाही तो निर्दोष भासतो. डीटव्होर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हेच दाखवून दिले. संगणकीय पद्धतीचा अंदाज चुकताना एकदा पाहिला की लोक तिला सोडून माणसाच्या अंदाजाकडे वळत होते, आणि माणूस त्या पद्धतीपेक्षा जास्त चुकताना पाहिलेले असूनही वळत होते. मग नोंद ठेवल्याने प्रामाणिक स्रोताचेच नुकसान होणार नाही का?

पारखी

हा प्रश्न अत्यंत योग्य आहे. नोंद एकाच स्रोताची ठेवली तर आपण म्हणता तेच होईल, म्हणून ती सर्वांची एकाच मापाने ठेवावी लागते, त्यात पाळीप्रमुखाच्या शेजारचा जुना ऑपरेटरही आला. त्यासाठी ‘बहुधा’, ‘शक्यता आहे’ अशा शब्दांऐवजी प्रत्येकाकडून टक्केवारी मागावी लागते, नाहीतर पुढे कोण चुकले हे ठरवताच येत नाही.

मोजण्याचे साधन हवामानशास्त्राने केव्हाच दिलेले आहे. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडलेली गुणपद्धती अगदी सोपी आहे. घटना घडली तर १, घडली नाही तर ०. सांगितलेली शक्यता आणि हा अंक यांतल्या फरकाचा वर्ग काढायचा आणि सर्व अंदाजांची सरासरी घ्यायची. आकडा जितका लहान तितका स्रोत चांगला. काहीच न जाणता दर वेळी ५० टक्के सांगणाऱ्याला ०.२५ मिळतात. आता दोन सल्लागार घ्या. दोघेही दहापैकी सात वेळा बरोबर ठरतात, पण पहिला दर वेळी ७० टक्के खात्री सांगतो आणि दुसरा ९० टक्के. पहिल्याची सरासरी ०.२१ येते, तर दुसऱ्याची बरोबर ०.२५, म्हणजे काहीच न जाणणाऱ्याइतकी. बैठकीत मात्र दुसऱ्याचे बोलणे ठाम असल्यामुळे त्याचीच बाजू वरचढ ठरते.

आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, नोंदीत चुकांची यादी ठेवू नये, हा सरासरी आकडा ठेवावा, आणि तो कधीही एकट्या स्रोताचा दाखवू नये. जे जे स्रोत त्या निर्णयासाठी विचारले गेले आहेत, त्या सर्वांचे आकडे एका ओळीत, शेजारी शेजारी असावेत. पंचवीस-तीस अंदाजांपर्यंत त्या आकड्यांवरून काही ठरवू नये, कारण तेवढ्यात नशिबाचा भाग मोठा असतो. धूळपाटी यांनी सुचवल्याप्रमाणे ही ओळ निर्णय घेणाऱ्याने स्वतः भरू नये, आणि कुतूहल म्हणतात तशी ती टिपणीतल्या विधानांच्या शेजारीच छापलेली असावी. सांजवात यांनी सांगितलेल्या पायऱ्यांचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. आकडा मूळ अभियंत्याचा आहे की त्याच्या साहेबाचा, हे त्या ओळीत वेगळे लिहावे लागेल.

त्रिज्या

पारखी, त्या ओळीत आणखी एक रकाना हवा. त्या स्रोताने आपला अंदाज देण्यापूर्वी इतर कोणाचे अंदाज पाहिले होते, हे त्यात लिहिलेले असावे. तो रकाना रिकामा असलेले अंदाज किती, हे मोजले की सतरा आवाजांपैकी खरोखर स्वतंत्र किती ते कळेल.